पोटावरील पिशवी आणि घरांतील माणसें

सांगलीकडील एका भगिनींचें विस्तृत पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांच्या मामंजींचा मूत्राशय कर्करोगामुळें काढून टाकावा लागला. शस्त्रक्रिया उत्तम झाली, जखम भरली, माणूस हिंडूं-फिरूं लागला. परंतु त्यानंतरच्या नऊ महिन्यांत तीन वेळां त्यांस थंडी वाजून ताप आला, आणि तीनही वेळां मूत्रमार्गांत जंतुसंसर्ग झाल्याचें निदान होऊन रुग्णालयांत ठेवावें लागलें. "आमच्याकडून स्वच्छतेंत तिळमात्र कसूर होत नाहीं, मग हें पुनः पुनः कां व्हावें?" असा बाईंचा प्रश्न आहे. पत्राच्या अखेरीस, जणूं कांहीं क्षुल्लक गोष्ट म्हणून, त्यांनीं आणखी एक वाक्य लिहिलें आहे : मामंजी हल्लीं पाणी फारच थोडें पितात, पिशवी भरूं नये, चारचौघांतून उठावें लागूं नये, असें त्यांस वाटतें.

बाईंच्या प्रश्नाचें उत्तर बहुतांशीं या शेवटच्या वाक्यांतच आहे, असें मला वाटतें. मी वैद्य नव्हे. परंतु माझ्या वडील बंधूंवर हीच शस्त्रक्रिया झालेली असून त्यांची पिशवी गेलीं सहा वर्षें आमच्या घरांत सांभाळली जात आहे. आणि या विषयांत डॉक्टरांनीं व विशेषतः स्टोमाच्या परिचारिकेनें जें जें शिकविलें, तें मीं शाळामास्तराच्या जुन्या सवयीनें वहींत टिपून ठेविलें आहे. त्याच्या आधारें चार गोष्टी येथें लिहितों.

प्रथम नवी वाट कशी असते तें समजून घ्यावें, म्हणजे पुढील नियम पाठ करावे लागत नाहींत, आपोआप सुचतात. मूत्राशय गेल्यावर दोन्ही मूत्रपिंडांतून येणारें मूत्र बाहेर सोडण्यासाठीं लहान आंतड्याचा सुमारें १५ ते २० सेंटिमीटर लांबीचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह वेगळा करितात आणि उरलेलें आंतडें पुन्हा सांधून टाकितात. त्या तुकड्याच्या एका टोंकाशीं दोन्ही मूत्रवाहिन्या जोडितात व दुसरें टोंक पोटाच्या उजव्या बाजूस त्वचेबाहेर आणून शिवितात. हें जें लालबुंद, ओलसर, कळीसारखें तोंड बाहेर दिसतें तोच स्टोमा. अमेरिकेंतील सेंट लुईस येथील शस्त्रवैद्य युजीन ब्रिकर यांनीं ही पद्धति इ. स. १९५० मध्यें प्रसिद्ध केली, आणि पुढें निघालेल्या इतर पद्धतींच्या गर्दींतही ती आजतागायत प्रचारांत आहे. आंतड्याचा तुकडा येथें सांठवणीचें भांडें नव्हे, केवळ पन्हळ आहे. मूत्र त्यांतून अहोरात्र थेंब थेंब उतरत राहतें व वर चिकटविलेल्या पिशवींत जमतें.

आतां यांतून काय निष्पन्न होतें तें पाहा. मूत्राशयाच्या तोंडाशीं जो आवळणारा स्नायु होता तो गेला. बाहेरची त्वचा आणि आंतील पन्हळ यांमध्यें दरवाजा म्हणून उरला नाहीं. त्यामुळें त्वचेवरील व आंतड्यांतील जंतु त्या पन्हळींत वस्तीस येतातच. कितीही धुतलें-पुसलें तरी येतात. ते तेथें असणें हा रोग नव्हे. ते उलट चढून मूत्रपिंडापर्यंत पोंचले, किंवा साचलेल्या मूत्रांत त्यांची बेसुमार वाढ झाली, म्हणजे रोग. त्यांस वर चढूं न देणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वरून खालीं अखंड वाहणारा, पुरेसा, कोठेंही न तुंबणारा प्रवाह. पाणी कमी पिणारा मनुष्य हाच प्रवाह आटवितो, आणि पिशवी तुडुंब होईपर्यंत न उठणारा मनुष्य तो तुंबवितो. सांगलीच्या मामंजींकडून एकाच संकोचापायीं दोन्ही गोष्टी घडत असाव्यात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत 'नवेगान्धारणीय' नांवाचा सातवा अध्याय आहे. मूत्रादिकांचे उत्पन्न झालेले वेग अडवूं नयेत हा त्याचा विषय. आपल्या घरांतून मुलांस हा उपदेश लहानपणापासून मिळतो. परंतु या रुग्णाच्या बाबतींत अडचण निराळी आहे : वेग अडविण्याचा प्रश्नच नाहीं, कारण वेग उत्पन्नच होत नाहीं. पिशवी भरली हें शरीर सांगत नाहीं. तेव्हां जें काम वेग करीत असे तें घड्याळानें करावयाचें. दर दोन-तीन तासांनीं हात लावून पाहावें; पिशवी एक तृतीयांश भरली कीं रिकामी करावी, फार तर निम्मी होऊं द्यावी. त्याहून अधिक भरल्यास वजनानें चकती सुटते, गळती होते, कातडी सोलते. आणि त्या दगदगीनें रुग्ण पाणी आणखी कमी करितो.

पाणी किती? दिवसाकाठीं दोन ते अडीच लिटर द्रव पोटांत जावें, वैशाखांत त्याहून जास्त. ज्यांचें हृदय किंवा मूत्रपिंडें दुबळीं आहेत व ज्यांस डॉक्टरांनीं पाण्याचें माप घालून दिलें आहे, त्यांनीं मात्र त्यांचेंच माप पाळावें. 'भरपूर पितों' या शब्दावर घरांतल्यांनीं विश्वास ठेवूं नये. एक लिटरचा तांब्या रुग्णाच्या उशाशीं सकाळीं भरून ठेवावा, दुपारच्या जेवणापर्यंत तो संपावा, दिवे लागेपर्यंत दुसरा संपावा. चहा, ताक, सार हें सर्व वरचें. मूत्राचा रंग फिका पिवळा राहिला म्हणजे माप बरोबर आहे. आमच्या बंधूंच्या तांब्याचा हिशेब आमची धाकटी नात ठेवीत असे, आणि ती माझ्याहून कडक होती.

धन्या-जिऱ्याचें पाणी, वाळ्याचें पाणी, सातूचें पाणी चालेल काय, असें बाई विचारतात. अवश्य चालेल, तेवढेंच पाणी पोटांत जातें. परंतु त्यानें संसर्ग बरा होतो असें मानून ताप अंगावर काढूं नये. नारळपाण्यांत पोटॅशियम पुष्कळ असतें, म्हणून मूत्रपिंडें मंदावलेल्यांनीं तें डॉक्टरांस विचारूनच घ्यावें. गोखरू-पुनर्नव्याचे काढे व बाजारांतील अनामिक पुड्या रुग्णाच्या डॉक्टरांस न कळवितां देणें मला पसंत नाहीं. आयुर्वेदाविषयीं अनादर म्हणून नव्हे, तर ज्याच्या एका आंतड्याची वाटच बदलली आहे अशा शरीराचा विचार त्या ग्रंथांस करावा लागला नव्हता म्हणून. परदेशी क्रॅनबेरीच्या रसाची हल्लीं मोठी जाहिरात असते. वारंवार संसर्ग होणाऱ्या कित्येक स्त्रियांस त्याचा कांहीं उपयोग होतो. परंतु त्यावरून पिशवीवाल्या रुग्णानेंही महिन्याकाठीं तितके पैसे त्यांत घालावेत असें सिद्ध होत नाहीं. तेच पैसे पिशव्यांकडे लावावेत.

आतां सोंवळ्याओंवळ्याविषयीं. हा प्रश्न पत्रांत स्पष्ट लिहिलेला नाहीं, पण ओळींमधून वाचतां येतो. मामंजी पूर्वीं रोज पूजा करीत, आतां करीत नाहींत. सणावारीं पंगतींत बसत नाहींत. पाहुणे आले कीं आंतल्या खोलींत जातात. आपण अपवित्र झालों असें त्यांच्या मनानें घेतलें आहे, आणि घरांतील कोणीतरी तें मूकपणें मान्य केलें आहे असा मला संशय येतो. स्मृतिकारांनीं आतुर मनुष्यास स्नानादि नियमांतून सूट दिलेली आहे, हें ज्यांनीं धर्मशास्त्राचा थोडाबहुत परिचय करून घेतला आहे त्यांस ठाऊक असतेंच. शिवाय विचार करावा कीं मूत्र पूर्वींही प्रत्येकाच्या पोटांतच होतें. आतां तें घट्ट बंद केलेल्या पिशवींत चार बोटें बाहेर आहे, एवढाच फरक. पिशवी रिकामी करून, हात साबणानें धुऊन, धूतवस्त्र नेसून त्यांनीं खुशाल देवापुढें बसावें. माझे बंधु बसतात. एकदां एका नातलगानें भुंवई उंचावली तेव्हां आमच्या वहिनींनीं त्यास सरळ विचारलें कीं, तुमचें मूत्र तुम्ही घरीं ठेवून आलांत काय? त्यानंतर हा विषय कोणी काढला नाहीं.

निर्जळी उपवासाच्या बाबतींत मात्र सूट मागण्याचीही गरज नाहीं, कारण तो करावयाचाच नाहीं. ज्येष्ठांतली निर्जला एकादशी काय किंवा स्त्रीरुग्ण असल्यास हरतालिका काय, दिवसभर घशाखालीं पाणी न घालणें हें या पन्हळीस धोक्याचें आहे. फळें, दूध व पाणी यांवर एकादशी करावी. लग्नमुंजीच्या दिवशीं, आगगाडीच्या प्रवासांत, व्याख्यानास जातांनाही हीच युक्ति : पाणी कमी करावयाचें नाहीं, निघण्यापूर्वीं पिशवी रिकामी करावयाची आणि पोंचल्याबरोबर स्वच्छतागृह कोठें आहे तें पाहून ठेवावयाचें. पंगतींत कडेची जागा द्यावी. यजमानास एक शब्द आधीं सांगून ठेविला तर कोणाचेंही कांहीं बिघडत नाहीं.

रात्रीची व्यवस्था हा माझ्या मतें सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दिवसाची पिशवी रात्रभर पुरत नाहीं; मनुष्य आडवा झाला कीं भरलेल्या पिशवींतील मूत्र स्टोमाभोंवतीं साचून राहतें. यासाठीं पिशवीच्या तळाच्या तोटीस लांब नळी जोडून ती मोठ्या रात्रपिशवींत सोडितात. रात्रपिशवी बिछान्याच्या पातळीहून खालीं हवी. आतां आपल्या घरांतून पुष्कळ वडील मंडळी जमिनीवर गादी घालून निजतात. तेथें 'खालीं' म्हणून जागाच नसते, आणि मूत्र नळींतच थबकतें. या एका कारणासाठीं तरी रुग्णास पलंग द्यावा. नळीस पीळ पडूं नये म्हणून ती मांडीस सैल पट्ट्यानें बांधावी. जोडण्यापूर्वीं पिशवींत थोडेंसें मूत्र राहूं द्यावें, म्हणजे आंतली हवा आडवी येत नाहीं व प्रवाह चटकन सुरू होतो. सकाळीं रात्रपिशवी व नळी साध्या पाण्यानें विसळून, नंतर एक भाग पांढरें व्हिनेगर व तीन भाग पाणी आंत फिरवून, निथळत टांगून ठेवावी. ओलसर, तोंड उघडी, न्हाणीघराच्या कोपऱ्यांत लोळणारी रात्रपिशवी म्हणजे जंतूंची पेरणी होय. किती दिवसांनीं नवी घ्यावी तें परिचारिकेकडून ठरवून घ्यावें व काटकसरीपायीं तें पुढें ढकलूं नये. नातू आजोबांच्या पलंगावर निजला तर चालेल काय, असाही बाईंचा एक प्रश्न आहे. कर्करोग संसर्गजन्य नाहीं; निजूं द्यावा, फक्त नळीच्या बाजूस नव्हे, भिंतीच्या बाजूस.

पिशवी विकत घेतांना ती मूत्राचीच आहे ना हें पाहावें. मलाच्या पिशवीचें तोंड खालीं उघडें असून चिमट्यानें बंद करितात. मूत्राच्या पिशवीस तोटी असते, आणि आंत मूत्रास उलट फिरूं न देणारी झडप असते. दुकानदार पुष्कळदां एकाऐवजीं दुसरी देतो. साधारणतः तीन-चार दिवसांनीं पिशवी बदलावी, गळूं लागल्यास तत्काळ. पहांटे, पाणी पिण्यापूर्वीं बदलणें सोयीचें, कारण त्या वेळीं थेंब कमी पडतात. बदलणाऱ्यानें आधीं व नंतरही हात साबणानें धुवावेत. शौचानंतर मातीनें हात धुण्याची जुनी रीत येथें उपयोगाची नाहीं. स्टोमाभोंवतीं साधें कोमट पाणी पुरे. तेल, तूप, हळद, चंदनाचें गंध, सुवासिक भुकटी, यांपैकीं कांहींही तेथें लावूं नये. चकती चिकटत नाहीं. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगांतही तेवढा भाग वगळावा. चकतीचें भोंक स्टोमाहून दोन-तीन मिलिमीटरच मोठें कापावें. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून त्या काळांत दर खेपेस मापावा. पायजम्याची नाडी, धोतराचा कांसोटा वा निऱ्यांची गांठ पिशवीवर आवळली जाऊं नये. ज्यांची शस्त्रक्रिया अद्याप व्हावयाची आहे त्यांनीं आपण कोठें काय नेसतों, मांडी घालून बसतों कीं कसें, हें आधींच सांगावें. स्टोमाची जागा पोटावर आंखतांना तें विचारांत घेतां येतें.

मूत्रांत पांढरे तंतू दिसले म्हणून घाबरूं नये. तो आंतड्याचा स्वाभाविक चिकट स्राव आहे. आंतड्यास कोठेंही नेलें तरी तें आपला धर्म सोडीत नाहीं.

यानंतरची गोष्ट मीं जरा विस्तारानें लिहितों, कारण तींत सुशिक्षित घरेंच अधिक चुकतात. बाईंच्या पत्रासोबत तपासणीच्या सात कागदांच्या प्रती आहेत. दर महिन्यास, ताप असो वा नसो, पिशवींतील मूत्र बाटलींत भरून प्रयोगशाळेंत दिलें आहे. दर खेपेस पूपेशी व जंतु निघाले आहेत. आणि दर खेपेस कोणीतरी प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. वर सांगितलेंच कीं पन्हळींत जंतु असावयाचेच. पिशवींत तर ते तासागणिक वाढतात. तेथील नमुन्यावरून कांहींही सिद्ध होत नाहीं. लक्षणें नसतांना केवळ कागदावरील जंतूंसाठीं प्रतिजैविकें घेतल्यानें साधे जंतु मरतात व दांडगे उरतात, आणि खरा ताप येतो त्या दिवशीं त्याच गोळ्या लागू पडत नाहींत. तपासणी करावी ती लक्षणें असतांना. आणि नमुना घ्यावा तो पिशवी काढून, स्टोमा स्वच्छ करून, निर्जंतुक बारीक नळी हलक्या हातानें आंत सरकवून. हें काम शिकलेल्या परिचारिकेचें किंवा डॉक्टरांचें आहे. तें शक्य नसेल तर निदान पुसलेल्या स्टोमांतून पहिले कांहीं थेंब सोडून पुढचे ताजे थेंब निर्जंतुक बाटलींत धरावेत. प्रयोगशाळेंतील मनुष्य पुष्कळदां पिशवीची तोटी उघडूं लागतो. त्यास नम्रपणें पण ठामपणें थांबवावें.

ज्यांचा मूत्राशय अद्याप शाबूत आहे व आंत बी. सी. जी. सोडण्याचा उपचार चालू आहे, त्यांच्याकरितां दोनच शब्द. नळी घालण्याच्या दिवशीं लघवीस जळजळ वा ताप असेल तर तें आधीं सांगावें, कारण संसर्ग असतां तो उपचार पुढें ढकलावा लागतो. औषध सोडल्यावर एक-दोन दिवस थोडी कणकण व जळजळ होते. ताप जास्त चढला किंवा उतरेनासा झाला तर त्यास साधी कणकण समजूं नये. आणि निरोग्यांसाठीं एक : लघवीवाटे वेदनेशिवाय रक्त गेलें, मग तें एकदांच कां असेना, तर 'उष्णता झाली' म्हणून सोडून देऊं नये. स्त्रियांच्या बाबतींत तर तें पुनः पुनः संसर्ग समजून गोळ्या दिल्या जातात आणि मूळ रोग मागें लपून राहतो. धूम्रपान हें या कर्करोगाचें सर्वांत मोठें कारण आहे. शस्त्रक्रियेनंतरही ज्यांची विडी सुटलेली नाहीं त्यांनीं ती सोडावी.

पिशवीवाल्या रुग्णास खरा संसर्ग झाला हें ओळखावयाचें कसें? मूत्राशयच नसल्यामुळें जळजळ व वारंवार लघवीस लागणें हीं नेहमींचीं चिन्हें येथें दिसत नाहींत. थंडी वाजून ताप, म्हणजे १००.४ अंशांच्या वर, पाठींत बरगडीखालीं एका बाजूस दुखणें, ओकारी, अन्नावरची वासना जाणें, मूत्र एकाएकीं गढूळ, दाट, घाण वासाचें वा रक्तमिश्रित होणें, वृद्ध माणसाचें अचानक असंबद्ध बोलणें. एकट्या वासावरून निदान करूं नये. लसूण वा मासळी खाल्ल्यानेंही वास बदलतो, आणि कमी पाण्यानें तर बदलतोच. परंतु ताप व हुडहुडी असेल तर 'सकाळपर्यंत पाहूं' म्हणूं नये. तापाची साधी गोळी देऊन निजवूं नये. रात्रीं दोन वाजले असले तरी रुग्णालय गांठावें. जंतु रक्तांत शिरल्यावर तास मोजावे लागतात. कांहीं तास पिशवींत मूत्र मुळींच उतरलें नाहीं तरीही तसेंच.

नऊ महिन्यांत तीन ताप हें प्रमाण अधिक आहे. पाणी व रात्रपिशवी सुधारूनही चौथा आला तर केवळ गोळ्यांवर समाधान मानूं नये. मूत्रवाहिनी जेथें आंतड्यास जोडलेली असते तो सांधा कधीं कधीं अरुंद होतो, मूत्रपिंडांत खडा होतो, किंवा स्टोमाचें तोंडच आंवळतें. अशा तुंबाऱ्यापाठीं संसर्ग लपलेला असतो. सोनोग्राफी करून मूत्रपिंड फुगलें आहे काय तें पाहावें, रक्तांतील क्रिएटिनिन पाहावें, मधुमेह असल्यास साखर ताब्यांत आणावी. ज्या शस्त्रवैद्यानें शस्त्रक्रिया केली त्यास हे तीन ताप कळविले आहेत काय, याचा पत्रांत उल्लेख नाहीं. नसल्यास आधीं तें करावें. मुंबईस परळ येथें इ. स. १९४१ मध्यें सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत स्टोमाच्या रुग्णांसाठीं स्वतंत्र विभाग आहे, आणि ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईंत आहे. तेथें अशाच पिशव्या वर्षानुवर्षें वागविणारीं माणसें भेटतात. मामंजींस एकदां तेथें न्यावें. सुनेनें दहा वेळां सांगितलेलें जें पटत नाहीं तें त्यांच्याच वयाचा, धोतराखालीं पिशवी असलेला, खळखळून हंसणारा गृहस्थ एका भेटींत पटवूं शकेल.

घरांत एक चिठ्ठी लिहून ठेवावी व तिची दुसरी प्रत त्यांच्या खिशांत असावी, मराठींत व इंग्रजींतही. मूत्राशय काढला आहे, आंतड्याची पन्हळ केली आहे, शस्त्रक्रियेचें वर्ष अमुक, शस्त्रवैद्याचें नांव व दूरध्वनि अमुक, कोणतें औषध सोसत नाहीं, आणि ठळक अक्षरांत : नमुना पिशवींतून घेऊं नये. रात्रींच्या वेळीं परक्या गांवच्या रुग्णालयांत पुढें येणारा तरुण डॉक्टर पुष्कळदां असा रुग्ण प्रथमच पाहत असतो, आणि घाबरलेल्या घरच्या माणसांस त्या घडीस नेमकें तेवढेंच आठवत नाहीं.